लोहयुक्त बायोचार भाजीच्या वाफ्यात: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या मातीत कॅडमियम, शिसं असे विषारी धातू निघाले म्हणून पालक आणि मेथीच्या वाफ्यात लोहयुक्त बायोचार (काडीकचरा कमी हवेत जाळून केलेला कोळसा, त्यावर लोखंडाचा थर) घालून बरेच महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. माल काम करतो, पण पिशवीवर ‘माती शुद्ध करतो’ असं छापलंय ते साफ चुकीचं आहे. कॅडमियम, शिसं जमिनीतून कुठेही जात नाही हो, फक्त मुळांना सहज मिळेनासं होतं. त्यामुळे मातीतल्या एकूण धातूची टेस्ट केली तर आकडा जवळपास तोच येणार, लॅबला डीटीपीए टेस्ट सांगा, पिकाला उपलब्ध भाग त्यात कळतो, आणि शक्य असेल तर पानंच तपासायला द्या.

मग साधा स्वस्त बायोचार का नाही? आमच्या मातीत आर्सेनिकपण निघालं म्हणून. साध्या बायोचारने सामू (पीएच, कमी झाला की माती आम्लधर्मी) वाढतो, त्याने कॅडमियम आणि शिसं बांधलं जातं पण आर्सेनिक उलट सुटं व्हायला लागतं, लोहयुक्त बायोचारवर लोखंडाच्या ऑक्साइडचा थर असतो, आर्सेनिक त्याला चिकटून बसतं. तुमच्याकडे आर्सेनिक नसेल तर हा जास्तीचा खर्च कशाला, साधा चालेल, नुसतं शिसं असेल तर फॉस्फेटवाला बघा.

डोसचा हिशोब मात्र आधी करा. मातीच्या वजनाच्या १ टक्का म्हणजे वरच्या १५ सेंमी थराला हेक्टरी साधारण २० टन! वाफ्यापुरतं ठीक, मोठ्या शेतात परवडेल असं मला वाटत नाही. आणि ओला करूनच टाका, नाहीतर सगळा भुगा नाकातोंडात.

रिझल्ट म्हणाल तर बायोचार न टाकलेल्या वाफ्यापेक्षा पालकात कॅडमियम स्पष्ट कमी आलं, कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांच्या) लिमिटच्या खाली (पालेभाजीला ओल्या वजनावर किलोला ०.२ मिग्रॅ). मेथीत तेवढा फरक नाही.

तक्रारी दोन. एक, हा जस्तालाही धरतो, नवीन पानं शिरांच्या मधे पिवळी पडली, झिंक सल्फेट फवारल्यावर सुधारली. दुसरी जास्त त्रासाची, नंतर आलेल्या एका पिशवीतला बायोचार बनवताना नीट धुतलेला नव्हता, पाण्यात ढवळून बघितलं तर चक्क आम्लधर्मी, आणि आम्ल वाढलं की कॅडमियम परत सुटतं, म्हणजे पैसे देऊन उलटा उद्योग. ती पिशवी परत केली. अमोनियम सल्फेटसारख्या खतांनीही सामू हळूहळू उतरतो, त्यामुळे दर हंगामाला सामू बघतोच, आणि उतरलेला दिसला की त्या वाफ्यात पालक नाही, टोमॅटो, फळात कॅडमियम पानापेक्षा बरंच कमी जातं.