गुलमर्गचं 'बॅककंट्री' पॅकेज आणि गेलेले १,३८,२०० रुपये

पुढच्या हंगामाच्या स्कीइंग सहलींचं बुकिंग सुरू झालंय आणि आम्हाला बुडवणाऱ्या त्याच माणसाची जाहिरात परत माझ्याच मोबाईलवर आली, म्हणून लिहितोय. नाव देत नाही, वकिलांनी नको म्हटलंय. पुण्यातला आहे, गोड बोलतो, 'दादा, तुम्ही फक्त या, बाकी माझ्यावर सोडा' हे त्याचं पालुपद. ज्यांनी ऐकलंय ते ओळखतील.

आधी हिशेब. मी आणि मेहुणा, माणशी ५८,००० प्रमाणे १,१६,०००. मग 'रेस्क्यू विमा आणि परमिट' म्हणून माणशी ६,५००, म्हणजे १३,०००. गुलमर्गला पोचल्यावर 'गंडोलाचं (तिथल्या रोपवेचं) तिकीट पॅकेजमध्ये धरलेलं नाही' म्हणून रोख ९,२००. विमानाचे वेगळे. विम्याचा कागद अजून डोळ्यांनी बघितलेला नाही.

पैसे भरायच्या आधी एक फॉर्म आला होता. बुटाचा नंबर, जॅकेटचं माप, व्हेज की नॉनव्हेज, स्की की स्नोबोर्ड. बस. स्कीइंग येतं का, हे त्यात विचारलंच नव्हतं. फोनवरही नाही. बॅककंट्री म्हणजे कुणी न दाबलेला, न तपासलेला बर्फ. तिथे नेणारा खरा गाईड पैशांच्या आधी तुमची उलटतपासणी घेतो: कसल्या उतारावर उतरलाय, भुसभुशीत बर्फात वळता येतं का, चढायची सवय आहे का. कारण एक जण पडत राहिला की अख्खा गट हिमस्खलनाच्या उताराखाली ताटकळतो. आणि याच्या जाहिरातीत ठळक अक्षरात 'अनुभवाची गरज नाही'!

आता सगळे म्हणतात, तिथेच कळायला हवं होतं. कसं कळणार? आपल्याकडे हरिश्चंद्रगडाच्या अवघड नळीच्या वाटेच्या जाहिरातीतसुद्धा 'नवख्यांनाही जमेल' असं लिहितात, आपण ते वाचून पुढे जातो. शिवाय मी मागे स्कीइंगचा बेसिक कोर्स केलाय, अगदीच अडाणी नव्हतो. बुडवणारा मोकाट आणि अक्कल मात्र मला शिकवायची, हा आमच्या घरातला सध्याचा उद्योग आहे.

'टूरिंगचं सामान', म्हणजे स्की घालूनच चढून जायचं, म्हणून जे दिलं ते साध्या भाड्याच्या दुकानातलं होतं. चढण्यासाठी बुटाची टाच स्कीवरून मोकळी सुटावी लागते आणि तळाला चिकटवायच्या पट्ट्या, म्हणजे स्किन्स, लागतात. माझी टाच घट्ट बांधलेली, स्किन्स नाहीतच. मेहुण्याला स्प्लिटबोर्ड कबूल केला होता, जो मधोमध सुटून दोन स्कीसारखा वापरता येतो. हातात मिळाला अखंड बोर्ड. 'बोर्ड तो बोर्ड है सर,' असं ऐकावं लागलं. भाड्याचं सामान खोलीवर नेण्याआधी तिथेच जोडून, सोडून बघा. लाजू नका.

खरा प्रकार कोंगदूरीला, गंडोलाच्या पहिल्या टप्प्यावर उघडा पडला. शेजारच्या गटाचा काश्मिरी गाईड एकेकाला समोरून चालवत बीकन तपासत होता. बीकन म्हणजे छातीला बांधायचं यंत्र. बर्फाखाली गाडले गेलात तर त्याच्या संदेशावरून सोबती शोधतात, आणि जीव वाचायचा तर बहुतेक वेळा पहिल्या पंधरा मिनिटांतच वाचतो. त्यानं आम्हालाही बोलावलं. आवाज शून्य. माझ्या बीकनमधल्या सेलला गंज, मेहुण्याच्यात सेलच नाहीत. दोघांत फावडं एक, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) नाही. 'जनाब, इसे पहनकर ऊपर मत जाइए,' एवढंच तो म्हणाला. याच अफरवट डोंगराच्या उतारावर फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गलाच एक रशियन गेला. पैसे बुडाल्याचा राग वेगळा, हा वेगळा.

आमचा 'सर्टिफाइड गाईड' गोल्फ कोर्सच्या उतारावर नवख्यांना धरून चालवणारा पोरगा निघाला. त्याला सांगितलं होतं, यांना फक्त फोटो हवेत. त्याचेही पैसे थकलेले. त्याच्यावर माझा राग नाही.

पुण्याच्या त्या माणसाला फोन करावा तर आमची दोघांची सिमं प्रीपेड, आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे चालत नाही. त्याला हे पक्कं ठाऊक होतं, आम्हाला सांगितलं नाही. पोस्टपेड घेऊन जा. हॉटेलच्या वायफायवरून मेसेज केले तर 'नेटवर्क इश्यू दादा', मग ब्लॉक.

परत आल्यावर खरी करमणूक. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: 'घटना काश्मीरची, तिकडे जा.' पैसे पुण्यात दिले, घेणारा पुण्यातला, आणि मी काश्मीरला जाऊ? हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घ्यावा लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ बघा, असं म्हटल्यावर साहेबांनी पेन खाली ठेवलं. 'तुम्ही वकील आहात का?' मग म्हणे हा दिवाणी वाद आहे, सहल झाली ना तुमची? तक्रार अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला मात्र शिक्का सापडेना. बँकेनं सांगितलं, यूपीआयचा पिन तुम्हीच टाकलात. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लगेच करायचा असतो, तासाभरात केला तर पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येतात. आम्हाला फसवणूक कळली तोवर महिना उलटला होता. पर्यटन खात्याकडे मेल केला, 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' असं उत्तर आलं. अभिप्राय!

यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचं नाव जाहिरातीतल्या नावापेक्षा वेगळं दिसलं तर तिथेच थांबा. गंडोलाचं तिकीट ऑनलाईन स्वतः काढा. गाईडशी आधी थेट बोला, मधल्या माणसाशी नको, आणि तो तुम्हाला काय विचारतो ते ऐका.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि एकाच माणसानं फसवलेले अनेक जण आयोगाच्या परवानगीनं एकत्र येऊ शकतात. याच माणसाला पैसे दिलेले कुणी असाल तर चॅट डिलीट करू नका, यूपीआयचा व्यवहार क्रमांक काढून ठेवा आणि मला कळवा.