बिल ६४० फुटांचे, रेघा तेवीस

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातील आमच्या शेतात घरासाठी आणि सव्वा एकर सीताफळासाठी गेल्या उन्हाळ्यात मी बोअर घेतले. त्याला पाणी लागले नाही याबद्दल माझी तक्रार नाही, कारण काळ्या पाषाणात बोअर कोरडे जाणे आपल्याकडे नवलाचे नाही. फसवणूक झाली ती फुटांच्या मोजणीत आणि केसिंगमध्ये, म्हणजे वरची माती-मुरूम ढासळू नये म्हणून बोअरमध्ये बसवतात त्या पाईपमध्ये. आमच्याच शिवारात आणखी तिघांना याच रीतीने ठकवल्याचे नंतर कळले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बोअरगाडीचा एजंट येताना पाणाड्यालाही सोबत घेऊन आला, आणि मला पहिली शंका तेथेच यायला हवी होती. पाणाड्याने तळहातावर नारळ आडवा धरून शेताला दोन फेऱ्या घातल्या; बांधाजवळ नारळ उभा राहिला, तेव्हा टाचेने खूण करून ‘चारशेच्या आत दोन इंची पाणी’ असे त्याने सांगितले आणि ३,१०० रुपये घेतले. खूण नेमकी गाडी वळायला सोयीच्या जागी झाली, हे वडिलांनी तेव्हाच बोलून दाखवले. नारळावर माझा विश्वास नव्हता. पण २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तो उन्हाळा ज्याने काढला आहे, त्याला मे महिन्यात फार चिकित्सा सुचत नाही.

दर तोंडी ठरले. तीनशे फुटांपर्यंत ११० रुपये फूट, पुढच्या प्रत्येक शंभरीला अनुक्रमे १३०, १५०, १८० आणि २२० रुपये. केसिंग ४०० रुपये फूट. रात्री नऊला गाडी सुरू झाली. चाळीस फुटांवर मुरूम संपला आणि त्यानंतर नुसती राखाडी भुकटी उडत राहिली. पावणेचारशेच्या सुमारास अचानक ओला चिखल वर आला, एजंट ‘पाणी लागलं’ म्हणून ओरडला आणि आईने घाईघाईने अगरबत्ती लावली. धूळ बसावी म्हणून गाडीवरच्या टाकीतले पाणी हवेबरोबर आत सोडता येते, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. ‘झरा हाताशी आला आहे, आता थांबलात तर सगळे पैसे मातीत’ असे सांगून त्याने पुढे जाण्यास माझा होकार घेतला, आणि कमी पडणारी रोकड आणण्यासाठी मी मेहुण्यांकडे गेलो.

परत आलो तेव्हा रॉड, म्हणजे खोदताना एकाला एक जोडत खाली सोडतात त्या लोखंडी नळ्या, वर काढणे संपत आले होते आणि साध्या कागदावर ६४० फूट लिहिलेले होते. वडील मात्र रात्रभर हौदाजवळ बाजेवर बसून होते. प्रत्येक रॉड खाली गेला की विटकरीच्या तुकड्याने ते हौदाच्या भिंतीवर एक रेघ ओढत होते. रेघा तेवीस होत्या. रॉड वीस फुटी, म्हणजे खोली ४६० फूट. ‘आजोबांना मध्ये डुलकी लागली असेल,’ असे एजंट हसत म्हणाला. पहाटेचे चार वाजले होते, गाडीवरची माणसे घाई करत होती, आणि मी, वडिलांपेक्षा कागदावर विश्वास ठेवून, खोदाईचे ८७,८०० आणि साठ फूट केसिंगचे २४,००० रुपये मोजून दिले.

आठ दिवसांनी दोरीला वजन बांधून सोडले, तर ते ४५२ फुटांवर टेकले. एजंटने फोनवर ‘गाळ बसला’ असे सांगितले. गाळ थोडाफार बसतो हे खरे आहे, पण कठीण पाषाणातील साडेसहा इंची बोअर आठवड्यात पावणेदोनशे फूट भरून येत नाही. लातूरहून बोअरचा कॅमेरा आणून आत सोडला, तेव्हा उरलासुरला संशयही फिटला: केसिंग वीस फुटांवरच संपले होते आणि त्याखाली मुरमाची उघडी भिंत ढासळत होती. खोदाईत ३२,८०० आणि केसिंगमध्ये १६,००० रुपये जास्त गेले होते.

तक्रारीचे नाव काढताच एजंटने उलट मलाच विचारले, ‘साहेब, तुम्ही परवानगी घेतली होती का?’ महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीवर निर्बंध आहेत, आणि दोनशे फुटांखाली जाताना मी कोणालाच विचारले नव्हते. खोदाई यंत्राची नोंदणी लागते, हेही त्याच कायद्यात आहे. माझ्या कागदावर ना नोंदणी क्रमांक होता, ना गाडीचा. माझी चूक हाताशी असल्यामुळेच तो इतका निर्धास्त होता, असे मला वाटते.

यंदा बोअर घेण्याच्या विचारात असणाऱ्यांनी जागा दाखवणारा माणूस गाडीवाल्याकडून घेऊ नये. पहिला रॉड खाली जाण्यापूर्वी तो टेपने मोजावा, कारण सगळ्या गाड्यांचे रॉड सारख्या लांबीचे नसतात. केसिंगचे पाईप जमिनीवर उतरवून मोजावेत आणि ते मुरूम ओलांडून पाषाणात रुतले की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. गाडी जागेवरून हलण्यापूर्वी दोरी सोडून खोली पाहावी आणि पैसे त्यानंतरच द्यावेत. रोकड कमी पडली तर दुसऱ्या कोणाला पाठवावे, स्वतः जागा सोडू नये. आमच्या हौदावरच्या रेघा वडिलांनी अजून पुसू दिलेल्या नाहीत.