नादारी (दिवाळखोरी) अर्जाचा सल्ला, कोर्ट नाका, ठाणे

वकिलांचं ऑफिस छोटं, सल्ला चोख. ठाण्यात वैयक्तिक दिवाळखोरीला १९२०चा प्रांतिक नादारी कायदा लागतो, मुंबई शहरात १९०९चा वेगळा कायदा; हे इथे आधीच स्पष्ट करतात. अर्ज जिल्हा न्यायालयात.

जाताना प्रत्येक धनकोचं, म्हणजे ज्याचं देणं आहे त्याचं, नाव, पत्ता आणि बाकी रक्कम एका कागदावर लिहून न्या. सिबिल रिपोर्टवर बँकांची कर्जं दिसतात, मेहुण्याकडून घेतलेले हातउसने वीस हजार दिसत नाहीत. नेमके तेच लोक गाळतात आणि यादी अर्धवट राहते. गेल्या दोन वर्षांत फ्लॅट बायकोच्या नावे बक्षीसपत्राने केला असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा. असा व्यवहार कोर्ट रद्द ठरवू शकतं.

फी मात्र तोंडीच सांगतात. लेखी मागा.