सीट नंबर ४१, तिसरा मजला, लिफ्ट नाही

आधीच सांगते, मी एमपीएससीवाली नाही. टीवाय बीएस्सी केमिस्ट्री, आणि ग्राउंडवर ५००० मीटर पळते. अभ्यासिकेचा रिव्ह्यू म्हणून लोक "शांतता छान, पाणी गार, वायफाय बरं" एवढं लिहून मोकळे होतात, माझं रडगाणं जरा वेगळं आहे आणि लांबणारे, चहा घेऊन बसा.

अभ्यासिका साताऱ्यात, पोवई नाक्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर. नाव टाकत नाही कारण ती चालवणाऱ्या काकांनीच सांगितलंय, आधीच वेटिंग आहे, उगाच माझे फोन वाढवू नकोस. खाली झेरॉक्सवाला, दुसऱ्या मजल्यावर टायपिंगचा क्लास, तिसऱ्यावर आपण.

याआधी एका चकाचक ठिकाणी तीन महिन्यांचे पैसे एकदम भरून बसले होते. एसी, काचेचं दार, अंगठा लावून एंट्री, सगळं भारी. पण शिफ्ट ठरलेली, दुपारी दोन ते रात्री दहा, आणि सीट रोज जी मिळेल ती. आता माझा दिवस बघा. साडेपाचला शाहू स्टेडियम, पावणेआठला सुटते, साडेदहाला कॉलेज, प्रॅक्टिकल असलं की तीन वाजतात, पाचला परत ग्राउंड, सात-सव्वासातला घामाघूम बाहेर. सलग चार तास अभ्यास हा प्रकार माझ्या नशिबात नाही, तुकडे मिळतात, सकाळी दोन तास, दुपारी दीड, रात्री जमलं तर दोन. तिकडे दोनच्या आधी आत घ्यायचे नाहीत म्हणजे सकाळचा चांगला तुकडा गेलाच, आणि उरलेल्यात आधी सीट शोधा, चार्जिंग पॉइंट चालतोय का बघा, वह्या काढा, पंधरा मिनिटं नुसती मांडामांड. वर घामाच्या टीशर्टवर एसीखाली बसून सर्दी धरली, तीपण युनिव्हर्सिटीच्या सिलेक्शनच्या आदल्या आठवड्यात. साडेबारा राऊंडची रेस, आठव्या राऊंडला नाक बंद, तोंड उघडं, पुढचं काय सांगू. पैसे परत मागितले तर म्हणे तसा नियम नाही.

इथे महिन्याला १००० रुपये, लॉकरचं डिपॉझिट २००, पहाटे पाच ते रात्री अकरा कधीही या कधीही जा, आणि सीट तुमची म्हणजे तुमचीच. एवढ्याच गोष्टीसाठी मी इथे दोन वर्षं टिकलेय. नर्न्स्ट इक्वेशनचं गणित अर्ध्यावर टाकून, वहीत पेन ठेवून ग्राउंडला जाते, परत येते तेव्हा पेन तिथंच असतो, फार तर कुणीतरी खिडकी ओढून घेतलेली असते पावसाने पान भिजू नये म्हणून. बसलं की चालू. ज्यांना दिवसभर बसायचंय त्यांना याचं काही वाटणार नाही, पण ज्याचा अभ्यासच तुकड्यातुकड्यात चालतो त्याला ही पंधरा-पंधरा मिनिटं लय महाग पडतात.

एक गोष्ट मला इथे बसून बसूनच कळली. सकाळी हलका रन असला की त्यानंतर डोकं एकदम साफ असतं, तेव्हा फिजिकल केमिस्ट्रीची गणितं घ्यायची. संध्याकाळी ४०० मीटरचे रिपिटेशन मारून आल्यावर तीच गणितं घेतली तर अक्षरं दिसतात, अर्थ लागत नाही, मग त्या वेळेला जर्नल उतरवायचं, टायट्रेशनची रीडिंगं, आकृत्या, ऑरगॅनिकच्या रिअ‍ॅक्शन लिहून लिहून पाठ करायच्या, म्हणजे हाताचं काम. मागच्या सेमला कॅम्प आणि मीट धरून नऊ दिवस बाहेर होते, तीन प्रॅक्टिकलं बुडली, खेळाचं पत्र घेऊन डिपार्टमेंटला गेले तर "मेडल तुझं, बॅच का परत लावायची" असं ऐकून आले. शेवटी दुसऱ्या बॅचमध्ये उभी राहून केली आणि तिन्हींचं जर्नल इथे दोन रात्रींत पूर्ण केलं. ७५ टक्के हजेरीचं गणित तर वेगळंच, ते कुठल्या पुस्तकात नाही.

आता काकांबद्दल. रिटायर्ड फौजी. वेळ म्हणजे वेळ, फोन म्हणजे बाहेर, आणि डोकं टेबलावर ठेवलं की येऊन बोटाने टक टक. पहिल्या आठवड्यात मला रोज टक टक झाली. शेवटी सांगितलं, काका, पहाटे साडेचारला उठते, दुपारी डोळा लागतोच हो. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वीस मिनिटं. घड्याळ लावून. एकविसाव्याला मी येणार." तेव्हापासून दुपारी सव्वातीनला माझी अधिकृत झोप असते आणि खरंच एकविसाव्या मिनिटाला चप्पल वाजते. बाकीची पोरं चिडतात, चिडू दे.

तक्रार रजिस्टर दाराशी दोरीने बांधलेलं आहे, वेळ असेल तर वाचा, टाइमपास आहे. त्यात माझ्या नावाने एक नोंद, "सीट ४१ कडून बामचा वास येतो, लक्ष लागत नाही." खाली काकांच्या अक्षरात लाल पेनने, "औषध आहे, अत्तर नाही." मला वाटलं जिंकले. पण संध्याकाळी मलाच बाजूला घेऊन सांगितलं की स्प्रे, बाम जे काय असेल ते जिन्यात लावून मग आत यायचं. बरोबर होतं त्यांचं, नाही कसं म्हणणार.

भिंतीवर पास झालेल्या पोरांचे फोटो असतात ना सगळीकडे, पीएसआय, तलाठी, एसटीआय, तसे इथेही आहेत. फक्त त्यांच्यामध्ये खाशाबा जाधव आणि ललिता बाबर पण आहेत. मी विचारलं, हे इथे कसे? काका म्हणाले, खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं आणि १९५५ ला पोलिसात फौजदार म्हणून लागले, आणि मोहीची ललिता २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला दहावी आली, पुढे उपजिल्हाधिकारी झाली, दोघं सातारा जिल्ह्याचे, दोघं अधिकारी, नियमात बसतात. मग मी हट्टाने तिसरा लावायला लावला, सचिन खिलारी, २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकला गोळाफेकीत सिल्व्हर, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरांना शिकवलेला माणूस. काका म्हणे तो आटपाडीचा, सांगली जिल्हा. दोन दिवस विचार करून लावला, पण जरा खाली, स्विचबोर्डजवळ.

माझ्या पप्पांना हीच भिंत दाखवली होती. त्यांचं कायम एकच, पळून पोट भरतं का. सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे मी घरी शंभर वेळा सांगितलं होतं, काकांनी एकदा सांगितलं तर लगेच पटलं. असो.

आता वाईट बाजू, कारण आहेच. जिना. रविवारी समर्थ मंदिरावरून यवतेश्वर घाट चढून उतरायचा लाँग रन असतो आणि मांड्यांची वाट चढताना नाही, उतरताना लागते. सोमवारी मी तिसऱ्या मजल्यावरून रेलिंग धरून उलटी उतरते, तोंड भिंतीकडे, एकेक पायरी, आणि टायपिंग क्लासची पोरं दारात उभी राहून बघतात. लेडीज बाथरूम एकच, आठनंतर नळाला पाणी असेलच असं नाही, ग्राउंडवरून येऊन तोंड धुवायचं तर बाटली सोबत ठेवा. लॉकर फुटभर, स्पाइक्स (रेसचे खिळेवाले बूट) बसतात पण ट्रेनिंगचे शूज नाही बसत, मी जिन्याखाली पिशवी ठेवायचे, एकदा झेरॉक्सवाल्या दादांनी भंगार समजून बाहेर काढली होती, वाचली. लाइट गेली की इन्व्हर्टरवर एक आड एक पंखा. आणि मीटला बाहेर असलेले दिवस फीमधून वजा होत नाहीत, दोनदा विचारून झालं.

पाचपैकी चार देते. एक जिन्यासाठी कापला.

परीक्षा झाली की मे महिन्यात माझी ४१ रिकामी होईल. खिडकीची आहे, सकाळी ऊन येतं, पॉइंट चालू आहे. वरचा पंखा मात्र तीनवर टाकला की खडखडतो, दोनवरच ठेवा.