न्यूरो वॉर्ड, खाट १४: ज्याच्याजवळ कोणीच नव्हतं

माझे मिस्टर गाडीवरून पडले, डोक्याला मार लागला. म्हणून आम्ही ११ दिवस आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्याच्या न्यूरोसर्जरी वॉर्डात होतो. ते बरे होऊन घरी आलेत. मला लिहायचंय ते शेजारच्या खाटेबद्दल.

केसपेपरवर नाव होतं ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४०’. रात्री १०८ ने हायवेवरून आणलेला.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. नातेवाईक नाहीत म्हणून त्याचं काहीही अडलं नाही. सीटी स्कॅनमध्ये मेंदूवर रक्त साकळलेलं दिसलं, तेव्हा दोन डॉक्टरांनीच सह्या केल्या आणि पहाटेच ऑपरेशनला घेतलं. समाजसेवा अधीक्षक मॅडम म्हणाल्या, आधी उपचार, पोलिसांचे कागद मागून, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय. रात्रपाळीच्या सिस्टर दर तासाला टॉर्चने बाहुल्या बघायच्या, चिमटा काढून हात हलतो का बघायच्या आणि आकडा लिहायच्या. १५ म्हणजे पूर्ण शुद्ध, ३ म्हणजे काहीच नाही. तो ७ वर होता.

पण या वॉर्डात निम्मं काम नातेवाईकच करतात. स्ट्रेचर ढकलणं, रक्ताची बाटली आणणं, नळीतून पेज घालणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. यांना मी आणि दीर वळवायचो. त्याला कोण वळवणार? अख्ख्या वॉर्डाला मावशी एकच. चौथ्या दिवशी त्याच्या माकडहाडाजवळची कातडी लाल झाली. तेव्हापासून आम्ही त्यालाही वळवू लागलो.

जरा शुद्ध येऊ लागली तसा तो नळ्या ओढू लागला, म्हणून त्याचे हात खाटेला बांधले. हेही असंच ओढायचे, पण मी हात धरून बसायचे, त्यामुळे यांना बांधावं लागलं नाही. ते बांधलेले हात अजून डोळ्यांसमोर येतात.

ओळख पटवण्याचं काम मात्र फार कच्चं. पोलिसांनी ग्रुपवर टाकलेल्या फोटोत डोकं भादरलेलं, डोळे सुजून मिटलेले, तोंडात नळी. आईनेसुद्धा ओळखला नसता. आल्याबरोबर कापून काढलेले कपडे कुठे गेले ते कोणाला सांगता येईना. शर्टाच्या कॉलरवर टेलरचं लेबल असतं, त्यावर गावाचं नाव असतं! सातव्या दिवशी सलाईनची पट्टी बदलताना मनगटावर गोंदलेलं बाईचं नाव दिसलं. सिस्टरांनी त्या हाताचा फोटो चौकीत पाठवला आणि नवव्या दिवशी भाऊ आला. बीडकडचा ऊसतोड कामगार निघाला. टोळीला वाटलं गावी गेला, गावाला वाटलं टोळीत आहे.

भावाने पहिलंच सांगितलं, याला लहानपणापासून फिट येतात, गोळ्या चालू आहेत. नऊ दिवस हे डॉक्टरांना कळायला मार्गच नव्हता.

उपचारांना पाचपैकी पाच. बाकीला दोन. दाखल करतानाच अंगावरच्या खुणा लिहा, कपडे पिशवीत घालून नंबर लावा, आणि अशा पेशंटजवळ बसायला एक माणूस नेमा. तुम्ही कोणाला रस्त्यावरून आणलंत तर कुठे सापडला ते नक्की सांगून जा. स्वतःचं नाव द्यायची सक्ती तुमच्यावर नाही.

आम्ही निघालो तेव्हा भाऊ त्याला पेज घालत होता. हात सोडलेले होते.