मोत्यांची माळ : रोप उत्तम, कुंडी बदलून घ्यावी

नाशिकच्या गंगापूर रोडवरील ज्या रोपवाटिकेतून मी ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ची लटकती कुंडी घेतली, तिचे नाव येथे देत नाही, कारण ज्या उणिवांविषयी लिहायचे आहे, त्या एकट्या तिच्या नाहीत. पांढरी प्लॅस्टिकची कुंडी, वर टांगायचा आकडा, तळाला घट्ट बसवलेली ताटली आणि आत निव्वळ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ही मांडणी शहरात इतरत्रही जशीच्या तशी विकली जाते. किंमत साडेतीनशे रुपये होती. वीतभर लांबीच्या भरगच्च वेली पाहता ती रास्त वाटली आणि रोपाच्या प्रतीबद्दल तक्रारीला जागा नाही. मणी टपोरे होते, द्राक्षबागांमुळे नाशिककरांच्या चांगल्याच ओळखीचा असलेला पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) देठांच्या बेचक्यांत कोठेही नव्हता आणि मुख्य म्हणजे कुंडीचा माथाही दाट होता. हे शेवटचे अवश्य पाहून घ्यावे. काठावरून सुरेख वेली लोंबत आहेत आणि मध्यभागी मात्र टक्कल पडले आहे, अशा कुंड्याही तेथेच टांगलेल्या होत्या. तशी कुंडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

हे रोप मूळचे दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशातील, आणि दिसायला तसे वाटत नसले तरी सूर्यफुलाच्या कुळातील. तेथे ते लोंबत नाही. खडकांच्या आणि झुडपांच्या आडोशाने जमिनीवर पसरते आणि देठ मातीला टेकेल तेथे मुळे धरते. ज्यांना आपण मणी म्हणतो ती त्याची पाने होत. गोल आकारामुळे पानाचा पृष्ठभाग कमीत कमी राहतो आणि साठवलेल्या पाण्याचे बाष्पीभवन मंदावते. पृष्ठभाग कमी म्हणजे प्रकाशही कमी मिळणार, त्याचीही सोय पानातच आहे. मणी उजेडाकडे धरून पाहिला, तर त्याच्या एका अंगाला टोकापासून देठाकडे गेलेली काचेसारखी पारदर्शक फट दिसते. तिच्यातून प्रकाश पानाच्या आतल्या थरापर्यंत पोहोचतो. रोप तहानलेले असले की मणी किंचित सुरकुततात आणि ही फट आक्रसते. पाणी केव्हा घालावे, याची याहून भरवशाची खूण नाही.

विक्रेत्याने मात्र “आठवड्यातून दोनदा पाणी घाला” असे सरसकट सांगितले. बाकी सेवा आपुलकीची असल्यामुळे हा सल्ला अधिकच खटकला. नाशिकच्या जुलै-ऑगस्टमध्ये, दिवसेंदिवस ऊन पडत नसताना, कोकोपीटमध्ये आठवड्यातून दोनदा पाणी घातले तर मुळे कुजणारच. कोकोपीटची अडचण दुहेरी आहे: ओले झाले की ते लवकर वाळत नाही, आणि एकदा पार वाळले की वरून घातलेले पाणी शोषून न घेता कडेने खाली सोडून देते. त्यात ताटलीत पाणी साचून राहते आणि ती सहज निघत नसल्यामुळे साचलेले पाणी कोणाच्या लक्षातही येत नाही. मण्यांचा रंग काचेसारखा होऊन ते मातीलगत मऊ पडू लागले, तर रोप सुकले असे समजून पुन्हा पाणी घालण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात ते कुजू लागलेले असते.

म्हणून रोप घरी आणल्यावर, पावसाळा नसेल तर, ते पसरट आणि उथळ मातीच्या कुंडीत हलवावे. मुळे खोल जात नाहीत. खोल कुंडीतली खालची माती विनाकारण ओली राहते. दोन भाग बागेची माती किंवा कोकोपीट, दोन भाग जाडसर वाळू किंवा परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) आणि थोडे गांडूळखत, एवढे मिश्रण पुरते. तयार ‘सक्युलेंट मिक्स’ची, म्हणजे पाणी साठवणाऱ्या रोपांसाठीच्या मातीची, पिशवीही तेथे मिळते, परंतु ती मुठीत दाबून पाहिली असता गोळा तसाच टिकून राहिला, त्यामुळे तिच्यातही निम्मी वाळू मिसळावी लागेल असे माझे मत झाले. त्या भावात ती परवडत नाही. माती कुंडीच्या काठापर्यंत भरावी, म्हणजे माथ्यावरून हवा खेळती राहते. पाणी एकदाच भरपूर घालावे, खालून निथळू द्यावे आणि मणी सुरकुतू लागेपर्यंत पुन्हा घालू नये. उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांनी ही वेळ येते, पावसाळ्यात तीन आठवडेही जातात. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा माती कोरडी असेल, तर खिडकीच्या आतल्या रोपाला थंडीचा त्रास होत नाही.

कुंडीसोबत मिळालेला आकडा आखूड आहे आणि छताला लावल्यास कुंडी खिडकीच्या वर जाते. तेथे वेलींना उजेड मिळतो, माथ्याला मिळत नाही, आणि वर सांगितलेले टक्कल पडण्याचे एक मोठे कारण हेच असते. पूर्वेकडच्या खिडकीत, कुंडीचा माथा काचेच्या समोर येईल इतक्या खाली ती टांगावी. पश्चिमेची खिडकी असेल, तर मार्च ते मे पातळ पडदा हवा. मणी पोटात जाणे मांजर-कुत्र्यांना आणि लहान मुलांना अपायकारक आहे, याची सूचना मात्र कुंडीवर कोठेही नव्हती. ती असायला हवी.

ज्यांच्या घरात उजेड बेताचा आहे, त्यांनी शेजारच्याच रांगेतील ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्‌स’ घ्यावे. थोडी दुर्लक्षाची सवय असलेल्यांनाही ते अधिक साथ देते. तेही आफ्रिकेचेच, पण त्याची प्रजाती सेरोपेजिया, म्हणजे आपल्याकडील कंदीलपुष्पांची. त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरीवरून 2006 मध्ये नोंदवली गेलेली सेरोपेजिया अंजनेरिका ही त्याचीच भाऊबंद. रोपवाटिकेतील कोणाला हे ठाऊक नव्हते, आणि नाशिकमध्ये हे रोप विकताना ते सांगितले जाऊ नये, याचे मला नवल वाटले.

मातीच्या कुंडीत रोप लावून देण्याचे काम तेथे कुंडीच्या किमतीवर वेगळे पैसे घेऊन करतात, आणि ते नीट करतात: तुटलेल्या वेली फेकून न देता दिवसभर सुकवून मातीवर गोलाकार अंथरतात, म्हणजे माथा लवकर भरतो. पावसाळ्यात रोप घेतल्यास हे काम ऑक्टोबरपर्यंत थांबवावे आणि तोवर फक्त ताटली कापून काढून द्यायला सांगावे. त्याचे पैसे ते घेत नाहीत.