दूधसागर की देवकुंड? जंगलातल्या धबधब्याला निघण्याआधी

जून उजाडला की पुण्या-मुंबईच्या प्रत्येक ग्रुपवर गोव्यातला दूधसागर की रायगडातला देवकुंड हा वाद सुरू होतो. फोटो दोन्हींचे झकास. तयारी मात्र पार वेगळी. देवकुंडला पाय आणि घड्याळ लागतं, दूधसागरला आरक्षण आणि सबुरी.

आधी पावसाळ्याचं बोलून घेऊ, कारण बहुतेकांना जायचं असतं ते जुलैतच. देवकुंडचं उत्तर एका शब्दात: नको. रायगड जिल्हा प्रशासन पावसाळ्यात इथं बंदी घालतं आणि ती उगाच नाही. या डोंगरात पाऊस कसा पडतो ते पाहा. 25 जुलै 2024 ला संपलेल्या 24 तासांत देवकुंडजवळच्या ताम्हिणी घाटात 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. देवकुंडच्या वाटेवर ओढे ओलांडावे लागतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी छातीपर्यंत येतं आणि आपण पलीकडे अडकतो. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर माथ्यावर काय चाललंय ते कुंडापाशी कळत नाही. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला किंवा आवाज बदलला, की बॅग उचलायलाही थांबायचं नाही. उंच बाजूला सरकायचं. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेही असेच मधल्या खडकावर उभे होते.

दूधसागरही पावसाळ्यात जवळून बघता येत नाही. गोव्यातल्या कुळे गावाहून सुटणाऱ्या जीप नद्या फुगल्या की बंद होतात, त्या साधारण ऑक्टोबरपर्यंत. मग लोक रुळावरून चालत जायचा विचार करतात. तो सोडा. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि बोगद्यात समोरून गाडी आली तर दंडाची चिंता उरणारच नाही. पण इथं देवकुंडकडे नसलेली एक सोय आहे: गाडीची खिडकी. मिरज, बेळगाव, लोंढा करत गोव्याला जाणारी गाडी कॅसलरॉक स्टेशनापुढे ब्रागांझा घाट उतरते. 37 फुटांना एक फूट असा उतार, त्यामुळे गाडी सावकाश चालते आणि पूल थेट धबधब्याच्या पुढ्यातून जातो. दर्शन दोन-चार मिनिटांचंच, पण 310 मीटरवरून कोसळणारं भरपावसातलं पाणी कोरड्या कपड्यांत बसून बघायचा दुसरा मार्ग मला माहीत नाही. वेळापत्रक मात्र नीट बघा. घाटात गाडी अंधारात पोचणार असेल तर तिकिटाचे पैसे पाण्यात.

आता खरा मोसम, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. खरी निवड इथं करायची.

देवकुंडला पुण्याहून मुळशी, ताम्हिणी, विळे करत भिऱ्याला यायचं, मुंबईकर कोलाडहून वळतात. भिऱ्याचं टाटांचं वीजकेंद्र 1927 पासूनचं. भिऱ्याच्याच धरणाच्या पाण्याकडेनं वाट सुरू होते. पहिला टप्पा सपाट आणि उघडा, मग दाट रान, शेवटी दगडांची चढण. एका बाजूनं पाच-सहा किलोमीटर, रमतगमत गेलात तर अडीच-तीन तास. गावातला वाटाड्या घ्याच. रानात वाटा फुटतात, फोनला रेंज नसते, आणि त्या पैशांवर गावातली घरं चालतात हेही आहेच. परतीला अंधार नको म्हणून सकाळी आठच्या आत चालायला लागा. म्हणजे पुण्यातून पहाटे पाचला निघणं आलं. ज्या ग्रुपमध्ये "सहाला भेटू" म्हणजे साडेसात असतं, त्यांनी दूधसागरच निवडावा.

कुंड दिसायला शांत, पण खोल आहे. दोर बांधलेला असेल तर तो ओलांडू नका, पोहता येत असलं तरी. वरून पडणारं पाणी माणसाला खाली दाबतं, शिवाय ते गार असतं, पायात गोळे येतात.

दूधसागरला चालणं फारसं नाही. कुळेहून जीप अभयारण्यातून, नदीच्या पाण्यातून नेते. सगळा रस्ता गचके खात. मग थोडं दगडांवरून चालणं. एका जीपमध्ये सात जण, लाइफ जॅकेट सक्तीचं, पायथ्याशी तास-दीड तास. तिघेच असाल तर बाकीच्या जागा भरेपर्यंत थांबा किंवा अख्ख्या जीपचे पैसे भरा. शनिवार-रविवारी आणि नाताळच्या आठवड्यात रांग इतकी लांबते की दुपारी नंबर लागत नाही. मधला वार पकडा, आदल्या रात्री कुळे किंवा मोलेला मुक्काम करा, आणि बुकिंग सध्या कुठून होतं ते मुक्कामाच्या ठिकाणी फोनवरच विचारून घ्या. माकडं धीट आहेत, हातात वेफर्सचं पाकीट दिसता कामा नये.

माकडांवरून आठवलं. सह्याद्रीच्या या दक्षिण पट्ट्यात, गोव्याच्या सत्तरीत आणि आपल्या दोडामार्गात, माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि जोर डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका जीपचा मोसम. घाबरून जाणं रद्द करावं असं काही नाही. पूर्ण बाह्या, लांब पँट, पँट मोज्यात खोचलेली, पाचोळ्यावर बसायचं नाही, मेलेलं माकड दिसलं तर लांबून जायचं. परतल्यावर आठवडाभरात सणकून ताप आला तर डॉक्टरांना "दूधसागरला गेलो होतो" हे सांगा.

देवकुंडला ऑक्टोबरात त्रास जळवांचा. जळू ओढून काढू नका, नखानं कडेनं सरकवा. साप दोन्हीकडे आहेत. साप चावल्यावर देतात ते आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असतं. झाडाझुडपात बसणाऱ्या हिरव्या चापड्यावर, म्हणजे हिरव्या विषारी सापावर, ते लागू नाही. म्हणून फांदीला हात घालण्याआधी फांदी बघायची.

सामानाचं फार अवडंबर नको. पकड असलेले, आधी वापरून झालेले बूट. शेवाळावर नवे स्पोर्ट्स शूज सपशेल फसतात. माणशी दोन लिटर पाणी, इलेक्ट्रॉल, गूळ-शेंगदाणे, धपाटे. धपाटे दोन दिवस टिकतात आणि बॅगेत चेपले तरी धपाटेच राहतात. टॉर्च, सुटे पैसे, फोनसाठी जाड प्लास्टिकची पिशवी. दूधसागरच्या वनखात्याच्या नाक्यावर प्लास्टिक तपासतात, तिथं स्टीलची बाटली बरी.

तर: आई-वडील किंवा आठ वर्षांखालचं पोर बरोबर असेल तर दूधसागर, मात्र कंबरेचं दुखणं असेल तर जीपही टाळा. चालायची सवय असलेले पाच-सहा मित्र, एकच रविवार मोकळा आणि बजेट कमी, तर देवकुंड, दसऱ्यानंतर. मार्चनंतर दोन्हीकडची धार बारीक होते, तेव्हा पाण्यासाठी म्हणून एवढा प्रवास करण्यात अर्थ नाही. आणि जुलैतच जायचा हट्ट असेल तर उजेडात ब्रागांझा घाट उतरणाऱ्या गाडीचं मडगावचं तिकीट काढा, खिडकीचं.